गिटार, पट्टी आणि फीलर गेज

माझी गिटार 'शिकाऊ लोकांसाठी' म्हणून विकल्या जाणाऱ्या रांगेतली आहे. स्टीलच्या तारा, ड्रेडनॉट म्हणजे मोठ्या, रुंद पेटीचा आकार, टॉप (पेटीचा वरचा पत्रा) सिटका स्प्रूस लाकडाचा आणि सॉलिड, म्हणजे एकसंध, पाठ आणि बाजू सपेले लाकडाच्या लॅमिनेटच्या, म्हणजे पातळ थर चिकटवून केलेल्या. शिंपल्याची नक्षी नाही, आवाज ॲम्प्लिफायरला देणारा पिकअप आत नाही. बरीच वर्षं वाजवतोय, पण बदलावीशी वाटलेली नाही. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. ते वाचून कुणी तेच मॉडेल घेऊन आलं तर ते माझ्यासारखंच निघेल याची मला खात्री नाही. या वर्गातल्या गिटारमध्ये नावावरून फारसं कळत नाही, हातातला नग तपासावा लागतो. मी ही घेतली तेव्हा शेजारीच त्याच मॉडेलची दुसरी टांगलेली होती. लेबल तेच, रंग तोच, आणि नेक बसवताना कोन चुकलेला. वाजवून बघितल्यावर दोन्ही सारख्याच वाटत होत्या.

माझी सगळी नोकरी टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्यात हत्यारं-साचे घडवणाऱ्या विभागात झाली. त्यामुळे वाद्य समोर आलं की कान लावायच्या आधी माप लावायची खोड आहे. खिशातून स्टीलची पट्टी आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्यांचा जुडगा) काढणारं गिऱ्हाईक बघून विक्रेते जरा बिचकतात. बिचकू देत.

सगळ्यात आधी नेक, म्हणजे गिटारची मान. हेडस्टॉकच्या, म्हणजे खुंट्या असतात त्या टोकाच्या बाजूनं एक डोळा मिटून कडेनं बघितलं की पीळ असेल तर लगेच दिसतो. मग लांब पट्टी तिसऱ्या आणि चौथ्या तारेच्या मधून फ्रेट्सच्या (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या) माथ्यावर ठेवायची आणि ब्रिजकडे, म्हणजे तारा पेटीवर जिथे अडकवतात त्या लाकडी पट्टीकडे सरकवायची. टोक ब्रिजच्या वरच्या कडेला अलगद चाटून गेलं तर उत्तम. ब्रिजच्या लाकडाला समोरून धडकलं, तर ती गिटार कितीही गोड वाजो, खाली ठेवावी. त्या दुसऱ्या नगाची पट्टी चांगली दीड मिलिमीटर खाली धडकली होती.

एवढा बाऊ कशासाठी? ०.०१२ ते ०.०५३ इंच जाडीच्या तारांचा लाइट सेट नेहमीच्या ट्यूनिंगला लावला की सहा तारांचा मिळून ओढा सत्तर किलोंच्या वर जातो. नायलॉनच्या गिटारवर तो याच्या निम्म्याच्या आसपास असतो. आणि हा ओढा पेलायला असतो जेमतेम तीन मिलिमीटर जाडीचा स्प्रूसचा पत्रा, खाली फुलीसारख्या जोडलेल्या दोन पट्ट्यांच्या आधारानं. गंमत म्हणजे ही फुलीची रचना मार्टिन कंपनीच्या गिटारींत १८४०च्या दशकातच दिसते, आणि तेव्हा तारा आतड्याच्या होत्या. पुढे १९२०च्या दशकात स्टीलच्या तारा रुळल्या आणि तो भार नेमका याच रचनेला पेलला. पण पेलला म्हणजे काहीच हललं नाही असं नाही. वर्षानुवर्षांच्या ओढ्यानं ब्रिजमागचा टॉप थोडा फुगतो, नेक किंचित पुढे येतो, आणि तारा फ्रेटबोर्डपासून उचलल्या जातात. मग सॅडल, म्हणजे ब्रिजमधली तारा टेकतात ती पातळ पट्टी, घासून त्या खाली आणायच्या. बारावी फ्रेट तारेच्या साधारण मध्यावर असल्यामुळे तिथे अर्धा मिलिमीटर कमी करायचा तर सॅडलवरून एक मिलिमीटर काढावा लागतो. ब्रिजच्या वर सॅडल दिसतंच मुळी तीनेक मिलिमीटर. कोन सुरुवातीलाच चुकलेला असेल तर हा साठा पहिल्याच वर्षी संपतो. त्यानंतर नेक काढून पुन्हा बसवणं हाच उपाय, आणि साध्या गिटारवर तेवढा खर्च कुणी करत नाही. म्हणून माझा हिशेब असा: जे घरी बसून कानसेनं आणि पॉलिश पेपरनं सुधारता येतं ते वाईट असलं तरी चालेल, जे सुधारता येत नाही ते मात्र कारखान्यातूनच नीट आलेलं हवं.

सुधारता येणाऱ्या गोष्टींत पहिला नंबर नटचा, म्हणजे हेडस्टॉकजवळच्या, तारा जिच्या खाचांतून जातात त्या पट्टीचा. याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण गिटार सोडून देणाऱ्या निम्म्या लोकांनी याच्याच पायी सोडली असावी असा माझा संशय आहे. कारखान्यात नटच्या खाचा मुद्दाम उथळ ठेवतात. खोल गेली तर तार पहिल्या फ्रेटवर खरखरते आणि माल परत येतो. उथळ राहिली तर तक्रार येत नाही, कारण शिकणारा दोष स्वतःच्या बोटांना देतो. एफ कॉर्ड लागत नाही, लागली तर चढी लागते, करंगळी दुखते, आणि वर सल्ला मिळतो की रियाज वाढवा. रियाज कसला वाढवा! तपासायचं असेल तर तार तिसऱ्या फ्रेटच्या अलीकडे दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटवर तिच्याकडे बघा. तार आणि फ्रेट यांच्यात केसाएवढी फट हवी, बोटानं टिचकी मारली तर बारीक 'टिक' येण्याइतकी. माझ्या गिटारवर तिथून जाड पुठ्ठा सरकत होता.

खाच घासताना कानस तारेच्या जाडीची हवी आणि ती हेडस्टॉककडे थोडी उतरती धरायची, म्हणजे तार नटच्या फ्रेटबोर्डाकडच्या कडेवरच टेकते. सपाट घासली तर तार खाचेच्या मधेच कुठेतरी टेकते आणि सतारीसारखी झणझणते. दोन हात मारायचे, तार बसवायची, सुरात आणायची, बघायचं, पुन्हा सैल करायची. कंटाळवाणं काम आहे, पण घाईत केलं तर नट नवीन घालावा लागतो. सहाही खाचा झाल्यावर त्यांत पेन्सिलीचं शिसं चोळलं. तार वर चढवताना आधी 'टक्' असा आवाज येऊन सूर एकदम उडी मारायचा, तो प्रकार बंद झाला.

ट्रस रॉडबद्दल लोकांच्या डोक्यात फार घोळ असतो. नेकच्या आतला हा लोखंडी गज पान्यानं कमीजास्त ताणता येईल असा करण्याचं पेटंट गिब्सनमधल्या थॅडियस मॅकह्यू यांना १९२३ साली मिळालं, आणि तेव्हापासून बहुतेक लोक तो तारांची उंची कमी करायला वापरू बघतात. तो त्यासाठी नाही. तो नेकचा बाक कमीजास्त करतो, बस. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावायचा, बॉडीच्या जोडापाशी तार दाबायची आणि सातव्या फ्रेटवर फीलर गेज घालायचं. ०.२ मिलिमीटरच्या आसपास फट असली की मी पाना खाली ठेवतो. उंची बघायची ती त्यानंतर: बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली अडीच मिलिमीटर, बारीक तारेखाली दोनाच्या थोडं आत. जोरात स्ट्रमिंग (सगळ्या तारांवरून हात फिरवत वाजवणं) करणाऱ्याला यापेक्षा थोडी जास्त लागेल.

आता लाकूड. इथे मी बऱ्याच जणांशी भांडलोय. गिटारप्रेमी जमले की रोझवूड कसं खोल वाजतं आणि महोगनी कसं कोरडं, यावर तासन्‌तास बोलणं होतं. २०१८ साली लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी यावर एक छान प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्लंडमधले कारागीर रॉजर बकनॉल यांनी सहा गिटारी बनवल्या. टॉप एकाच प्रकारचा, बांधणी एकच, फक्त पाठ आणि बाजू वेगळ्या लाकडांच्या: ब्राझिलियन रोझवूड, भारतीय रोझवूड, मेपल, महोगनी, सपेले, वॉलनट. बावन्न वादकांनी त्या अंधुक उजेडात, डोळ्यांवर वेल्डिंगचा गॉगल चढवून वाजवल्या. त्यांनी दिलेल्या गुणांत लाकडागणिक म्हणण्यासारखा फरक पडला नाही. त्याच्याही आधी, १८६२ साली, स्पेनच्या अंतोनिओ दे तोरेस यांनी पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या केलेली गिटार बनवली होती, टॉप मात्र स्प्रूसचा. ती बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. आवाज टॉप घडवतो, हेच त्यांना दाखवायचं होतं.

माझ्या गिटारची लॅमिनेटची पाठ म्हणून मला कधी खटकली नाही. उलट सॉलिड पाठीपेक्षा ती कोरड्या हवेत तडकण्याची भीती कमी. टॉप मात्र सॉलिडच हवा. तो ओळखायला साउंडहोलच्या कडेकडे बघायचं. वरून आलेली रेषा न् रेषा कडेवरून तशीच खाली उतरताना दिसली तर सॉलिड. कडेला पापुद्र्यांचे आडवे थर दिसले तर लॅमिनेट. कडेला काळा रंग फासलेला असेल तर मी गृहीत धरतो की काहीतरी झाकलंय.

आणि हो, नवीन गिटारचा आवाज ठरवण्याआधी तारा बदला. दुकानात लटकलेल्या गिटारीच्या तारा किती हातांच्या घामात भिजल्या असतील कोण जाणे. 'वाजवून वाजवून टॉप खुलतो' हे मी खूप ऐकलंय. खुलत असेलही. मला एवढंच माहीत आहे की फॉस्फर ब्राँझचा ताजा सेट चढवला की एका संध्याकाळीत जो फरक पडतो, तेवढा वर्षभराच्या वादनानं पडलेला मला तरी ऐकू आलेला नाही.

प्रत्येक ड्रेडनॉटचा एक स्वर हट्टी असतो. माझीचा सहाव्या तारेवरचा, तिसऱ्या फ्रेटवरचा जी. त्याची कंपनसंख्या ९८ हर्ट्झ, आणि या आकाराच्या पेटीतली हवा साउंडहोलमधून आतबाहेर होताना साधारण त्याच्याच आसपास डोलते. त्यामुळे तो जी शेजारच्या एफ आणि ए पेक्षा फुगून येतो. खात्री करायची असेल तर जी वाजवा आणि साउंडहोलवर तळहात अलगद आणा. स्वर पोटात गेल्यासारखा बारीक होतो, आणि हात काढला की परत फुगतो. जी मेजरच्या स्ट्रमिंगमध्ये हे गुण म्हणून खपतं. बोटांनी वाजवताना मात्र बास लाइन चालत असली की तिथे अडखळल्यासारखं होतं, तेव्हा अंगठा हलका ठेवावा लागतो. हा दोष या गिटारीचा म्हणू नका, महागड्या ड्रेडनॉटवरही तो ऐकलाय.

मग महागडी गिटार नेमकी कुठे पुढे जाते? एका मित्राकडे पूर्ण सॉलिड लाकडाची आहे, ती मी नेहमी वाजवतो. मध्यम जोरात वाजवलं तर दोघींत फार अंतर नाही. अगदी हळू वाजवलं तर त्याची बोलते, माझी पुटपुटते. अगदी जोरात वाजवलं तर त्याची आणखी मोठी होते; माझी एका मर्यादेनंतर फक्त कर्कश होते, आणि सहा तारांचा मिळून एकच गोळा ऐकू येतो. म्हणजे फरक दोन्ही टोकांना आहे. माझं बहुतेक वाजवणं मधल्या पट्ट्यात होतं, त्यामुळे मला तो परवडतो. उद्या मंचावर एकटं बसून वाजवायचं ठरवलं तर परवडणार नाही.

बाकी बारीकसारीक. साउंडहोलमधून मोबाइल आत घालून फोटो काढले तर गोंदाचे दोन-तीन ओघळ दिसतात. ते दिसायला वाईट, वाजायला निरुपद्रवी. ब्रेस, म्हणजे टॉपला आतून चिकटवलेली आधाराची पट्टी, सुटलेली नाही ना, एवढंच बघायचं. त्यासाठी टॉपवर बोटाच्या पेरानं ठोकत जायचं. कुठे फाटका, सैल आवाज आला तर तिथे संशय. नेकच्या मागचं लॅकर जाड आणि चिकट होतं, ते बारीक घासणीनं मंद केल्यावर अंगठा सरकायला लागला. हवेतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्के असावी असं सगळेच सांगतात. खूप कोरडं झालं की फ्रेटबोर्ड आकसतो आणि फ्रेट्सची टोकं कडेला हाताला टोचतात. तेव्हा ती कानसण्याआधी गिटार काही दिवस ओलावा राखणाऱ्या पुडीबरोबर केसमध्ये ठेवून बघावी. बरेचदा टोकं आपोआप आत जातात.

सुराचं म्हणाल तर बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला नुसतं अलगद शिवून काढलेला स्वर) आणि त्याच जागी दाबून काढलेला स्वर जुळतात. दुसऱ्या तारेसाठी सॅडलला मागे पायरी काढलेली आहे, आणि ती नीट काढलेली आहे. साध्या गिटारीत हे दिसलं की मला त्या अनोळखी कारागिराबद्दल आदर वाटतो.

खटकतात त्या फक्त खुंट्या. तिसऱ्या तारेच्या खुंटीत चांगलीच ढिलाई आहे. उलटी फिरवली की पाव वेढा काहीच होत नाही आणि मग सूर एकदम पडतो. म्हणून नेहमी आधी उतरवून मग खालून वर चढवत सुरात आणतो. आता एकास अठरा गिअरचा, म्हणजे खुंटीचे अठरा वेढे झाले की तारेचा खांब एकदा फिरतो असा, सेट घालायचं ठरवलंय. मागवण्याआधी जुन्या स्क्रूंच्या भोकांमधलं अंतर आणि बुशचा (खांबाभोवतीच्या कड्याचा) व्यास व्हर्नियर कॅलिपरनं मोजून ठेवलाय, कारण त्या हेडस्टॉकला नवीन भोकं पाडायची माझी तयारी नाही.