‘वर कोणाची ओळख होती?’ : इंग्लंडच्या आर्ट्स कौन्सिलकडून अनुदान मिळवताना

आमच्या गोंधळाच्या (देवीच्या, गडबडीच्या नव्हे) प्रकल्पाला आर्ट्स कौन्सिल इंग्लंडचं, म्हणजे इथे कलांना सरकारी आणि लॉटरीचा पैसा वाटणाऱ्या संस्थेचं, अनुदान मिळालं हे कळल्यावर ओळखीच्या मराठी मंडळींचे फोन सुरू झाले. अभिनंदन झालं की पुढचा प्रश्न ठरलेला: “वर कोणाची ओळख होती?” एका काकांनी तर आवाज खाली आणून विचारलं. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

ओळख कोणाचीच नव्हती. पण वर कोण बसलंय, ते काय ठरवतात आणि काय ठरवत नाहीत, हे मी अर्जाला हात घालण्याआधी वाचून काढलं होतं. त्याचा उपयोग झाला, फक्त काकांना वाटतो तसा नाही.

आधी प्रकल्पाबद्दल थोडं. लेस्टर आणि आसपासच्या सार्वजनिक ग्रंथालयांत गोंधळाचे छोटे प्रयोग करायचे आणि प्रत्येक प्रयोगाआधी मुलांसाठी तालाची कार्यशाळा घ्यायची. पूजाविधी नाही, आख्यान, संवाद, संबळ, तुणतुणं आणि दिवटी. दिवटीही विजेवरची, कारण लायब्ररीत कोणी आग पेटवू देणार नाही. संबळ वाजवणारा मुलगा दिवसा आयटीत असतो. आख्यान शिकवणारे गुरुजी बार्शीकडचे, पिढीजात गोंधळी. ते व्हिडिओ कॉलवर शिकवणार होते.

आता वरची मंडळी. मी अर्ज भरत होते तेव्हा अध्यक्ष होते सर निकोलस सेरोटा आणि मुख्य कार्यकारी डॅरन हेन्ली. सेरोटा १९८८ ते २०१७ टेट या कलासंग्रहालयांच्या संस्थेचे संचालक होते. लंडनमधल्या बंद पडलेल्या वीजकेंद्रात २००० साली टेट मॉडर्न उघडलं ते त्यांच्याच काळात. हेन्ली क्लासिक एफएम या रेडिओ केंद्रातून २०१५ साली इकडे आले. अध्यक्षाची नेमणूक संस्कृती खात्याचा मंत्री करतो. मुख्य कार्यकारी हा पगारी माणूस, आणि पैशाच्या हिशेबासाठी पार्लमेंटपुढे उत्तर द्यायची जबाबदारी त्याची. त्यांच्याबरोबर एक राष्ट्रीय कौन्सिल असते. इंग्लंडचे पाच विभाग पाडलेले आहेत: लंडन, नॉर्थ, मिडलँड्स, साउथ ईस्ट आणि साउथ वेस्ट. प्रत्येक विभागाची स्वतःची कौन्सिल असते आणि तिचा अध्यक्ष राष्ट्रीय कौन्सिलवर बसतो. लेस्टर मिडलँड्समध्ये येतं.

या कौन्सिलच्या बैठकांची इतिवृत्तं कोणालाही वाचायला मिळतात. मी एका रविवारी चहाचे कप रिचवत ती वाचत बसले. वाचायला कंटाळवाणी आहेत, पण एक गोष्ट लक्षात राहिली. सुरुवातीलाच हितसंबंध जाहीर करायचा विषय असतो: अमुक सदस्य तमुक नाट्यगृहाच्या विश्वस्त मंडळावर आहेत, तमुकांचे जोडीदार त्या संग्रहालयात नोकरीला आहेत. वार्षिक अहवालात वरच्या अधिकाऱ्यांचे पगारसुद्धा छापलेले असतात. हे वाचल्यावर ‘ओळख काढ’ या सल्ल्याचं काय करायचं ते कळलं. इथे ओळख निघाली तर ती नोंदवून ठेवतात आणि तो माणूस त्या विषयापुरता बाजूला होतो. म्हणजे माझ्या कामी येणारा एक माणूस कमीच झाला असता.

शिवाय माझ्यासारखीचा अर्ज या मंडळींपर्यंत जातच नाही. आम्ही अर्ज केला ती नॅशनल लॉटरी प्रोजेक्ट ग्रँट्स ही लॉटरीच्या पैशातली योजना १,००० पौंडांपासून सुरू होते. ३०,००० पर्यंतच्या अर्जांना सोपा फॉर्म असतो, त्यावर १,००,००० पर्यंतच्या अर्जांना मोठा. आमची मागणी छोट्या गटातली. असे अर्ज कर्मचारी तपासतात, आणि निर्णयाचे अधिकार कौन्सिलने त्यांच्याकडे सोपवलेले असतात. राष्ट्रीय कौन्सिल बघते ती मोठी नाट्यगृहं, ऑपेरा, संग्रहालयं आणि दहा वर्षांचं धोरण.

ते काय ठरवू शकतात हे नोव्हेंबर २०२२ मध्ये सगळ्या देशाने पाहिलं. त्या वर्षी फेब्रुवारीत संस्कृती मंत्री नेडीन डॉरिस यांनी लंडनमधला काही निधी बाहेरच्या भागांकडे वळवा असं कौन्सिलला बजावलं होतं. मग २०२३ ते २०२६ या काळासाठी नियमित अनुदान मिळणाऱ्या ९९० संस्थांची यादी जाहीर झाली, वर्षाला सुमारे ४४.६ कोटी पौंड. त्यात इंग्लिश नॅशनल ऑपेराचं नाव नव्हतं. त्यांना सांगण्यात आलं की मुक्काम लंडनबाहेर हलवा. मोठा गदारोळ झाला, पुढे वाटाघाटी झाल्या आणि अखेर ग्रेटर मँचेस्टर ठरलं. सरकारने पैसे द्यावेत पण निर्णयात हात घालू नये, असं तत्त्व इथे १९४० च्या दशकापासून सांगितलं जातं. त्या वर्षी ते बरंच ताणलं गेलं असं माझं मत. मिडलँड्समध्ये राहणारी म्हणून मला त्याचा फायदाच झाला असेल, तरीही.

हे तत्त्व घडवणाऱ्यांत होते अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स. आर्ट्स कौन्सिल ज्या युद्धकालीन समितीतून निघाली, तिचे अध्यक्ष ते १९४२ पासून होते. कौन्सिलला राजसनद मिळाली ऑगस्ट १९४६ मध्ये, आणि केन्स त्याच वर्षी एप्रिलमध्ये गेले. अवांतर म्हणजे, तरुणपणी ते लंडनच्या इंडिया ऑफिसमध्ये कारकुनी करत होते आणि तिथलं त्यांचं पहिलं मोठं काम होतं एअरशर जातीचे दहा बैल बोटीने मुंबईला पाठवणं. हे वाचल्यापासून कौन्सिलचं कुठलंही जड पत्र आलं की मला ते बैल आठवतात.

वरची माणसं माझ्या फॉर्मला हात लावणार नसली तरी फॉर्मची भाषा त्यांचीच असते, म्हणून त्यांना वाचायचं. २०१९ साली तेव्हाचे उपमुख्य कार्यकारी सायमन मेलर जाहीरपणे म्हणाले की नुसतं दर्जेदार काम करून यापुढे भागणार नाही. ते लोकांच्या जगण्याशी संबंधित आहे का, ही नवी कसोटी असेल. त्यावर बरीच टीका झाली. पण जानेवारी २०२० मध्ये पुढच्या दहा वर्षांचं धोरण आलं ते त्याच सुरात: कला ही तिकीट काढून बघायची गोष्ट एवढीच नाही, प्रत्येकाच्या अंगात काहीतरी असतं, त्याला वाव मिळाला पाहिजे, आणि तोही प्रत्येक गावात.

आमच्या अर्जाचा पहिला मसुदा एका मित्राने लिहिला होता. त्याची सुरुवात होती, ‘गोंधळ ही महाराष्ट्राची प्राचीन आणि समृद्ध परंपरा आहे’. स्मरणिकेच्या पहिल्या पानाला शोभेल असं वाक्य. धोरण वाचून झाल्यावर मी ते काढलं आणि तिथे लिहिलं की शनिवारी सकाळी लायब्ररीत येणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांनी कुठलंच वाद्य हातात धरलेलं नसतं; संबळावर काठी पडली की पहिल्याच मिनिटाला त्यांना हात घालावासा वाटतो, आणि आमची कार्यशाळा त्या मिनिटापासून सुरू होते. लायब्ररीच्या बाईंनी पत्र दिलं, त्यात कुठल्या वयाची मुलं येतात आणि घरी कुठल्या भाषा बोलतात हे होतं. परंपरेचं वय दोन ओळींत उरकलं. प्रत्येक उत्तराला अक्षरांची मर्यादा असते, त्यामुळे विशेषणं आपोआप गळतात, ही त्या फॉर्मची कृपा.

वरच्या मंडळींबद्दल वाचताना मला सगळ्यात जास्त जवळची वाटली ती अध्यक्ष वगैरे नसलेली एक बाई, नसीम खान. वडील भारतीय डॉक्टर, आई जर्मन. ब्रिटनमधल्या स्थलांतरितांच्या कलांची पाहणी करून त्यांनी १९७६ साली अहवाल लिहिला. या कला इथे रोज चालू आहेत, पण कम्युनिटी हॉलमध्ये, आपल्याच लोकांपुढे. सरकारी पैसा देणाऱ्यांच्या डोळ्यांना त्या दिसतच नाहीत, असा त्याचा आशय. पुढे १९९६ पासून काही वर्षं त्यांनी आर्ट्स कौन्सिलमध्येच विविधतेच्या धोरणाचं काम सांभाळलं. २०१७ साली त्या गेल्या. आपल्या मंडळांचे गणपती, दिवाळी, नाटकं हे सगळं त्या हॉलमधलं जग. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, म्हणजे आर्ट्स कौन्सिलपेक्षा वयाने मोठं. आमच्या संबळाला लॉटरीच्या पैशातून मानधन मिळतंय, याचं श्रेय कुणाला द्यायचं झालं तर मी आधी नसीम खान यांना देईन.

मानधनावरून आठवलं. सगळ्यात जास्त डोकेफोड झाली ती बजेटची. कलाकारांना रास्त मोबदला द्या, अशी कौन्सिलची अपेक्षा असते, आणि रास्त म्हणजे किती यासाठी इक्विटी किंवा म्युझिशियन्स युनियनसारख्या संघटनांचे दर बघायचे. आमची सवय शाल, श्रीफळ आणि जेवणाची. संबळवाल्या मुलाला मी दर सांगितला तर तो म्हणाला, “ताई, एवढे नको, मी असाच येतो.” त्याला समजावायला फॉर्म भरण्यापेक्षा जास्त वेळ लागला. गुरुजींना फी सांगितली तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “तासाचे की महिन्याचे?” तासाचे, म्हटलं.

एकूण खर्चातला निदान १० टक्के भाग दुसरीकडून आणावा लागतो. तो सगळा रोखच असावा लागत नाही. लायब्ररीने फुकट दिलेली जागा आणि मंडळाने दिलेले स्पीकर यांची किंमत लावून दाखवता येते. जमा आणि खर्च हे दोन आकडे मात्र तंतोतंत जुळावे लागतात. माझी मैत्रीण अकाउंटंट आहे, ती शेजारी बसली होती म्हणून ते निभावलं. तेव्हा ग्रँटियम नावाचं पोर्टल होतं, त्यात आधी स्वतःचं प्रोफाइल मंजूर करून घ्यावं लागायचं. त्यासाठी वेगळा वेळ धरायचा, अर्जाच्या आदल्या रात्री ते होत नाही.

अर्ज गेल्यावर दोन-अडीच महिने गप्प बसायचं. निर्णय येण्याआधी काम सुरू केलं तर त्या कामाला पैसे मिळत नाहीत, म्हणून लायब्ररीच्या तारखाही पुढच्याच घेतलेल्या. या काळात काकांनी दोनदा सुचवलं की चीफला सरळ एक ईमेल टाक. मी टाकला नाही. टाकला असता तर फार तर तो चौकशीच्या टेबलावर पोचून सभ्य उत्तर आलं असतं.

होकार आला तो पोर्टलवरच, अटींच्या पत्रासकट. पोस्टरवर कौन्सिलचं चिन्ह ठरलेल्या मापात छापायचं. रकमेतला शेवटचा हिस्सा राखून ठेवतात आणि अहवाल दिल्यावर सोडतात. अहवालात अंदाजपत्रकातला आकडा आणि प्रत्यक्ष आकडा शेजारी-शेजारी येतात. पावसामुळे एका प्रयोगाला माणसं कमी आली, तसंच लिहिलं. कोणी काही विचारलं नाही.

आता पुढचं. विभागाच्या कौन्सिलवर सदस्य हवे असले की खुली जाहिरात निघते, कोणीही अर्ज करू शकतं. मिडलँड्समध्ये आपली एवढी माणसं आहेत, मग आपल्यातलं कोणी तिथे का नसावं? जाहिरात निघाली तशी मी ती त्या अकाउंटंट मैत्रिणीला पाठवली. तिने विचारलं, “पैसे किती देतात?” म्हटलं, “काही नाही, फक्त जाण्यायेण्याचा खर्च.” “म्हणजे मंडळासारखंच,” ती म्हणाली, आणि शेवटची तारीख विचारून घेतली.