तिश्का घाटातून जाताना: मोरोक्कोत अरब किती, अमाझिग किती?

मोरोक्कोत अरब किती आणि अमाझिग, म्हणजे ज्यांना बाहेरचे बर्बर म्हणतात ते इथले मूळचे लोक, किती, याचं उत्तर जनगणनेत शोधायला गेलात तर मिळत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये ३ कोटी ६८ लाख माणसं मोजली गेली, पण वंश विचारलाच नाही. विचारली ती भाषा. दारिजा, म्हणजे इथली अरबी बोली, सुमारे ९२ टक्के लोक बोलतात. अमाझिग बोली २४.८ टक्के. बेरीज शंभरावर जाते, कारण बरेच जण दोन्ही बोलतात. अमाझिग संघटनांना २४.८ हा आकडा मान्य नाही. मलाही तो वंशाचा आकडा म्हणून वापरणं चूक वाटतं. शहरात वाढलेल्या कितीतरी अमाझिग घरांत आता फक्त दारिजा उरली आहे.

हे सगळं एकाच रस्त्यावर पाहायचं तर मराकेशहून डोंगरापलीकडच्या वारझाझात शहराला जाणारी बस घ्यावी. अंतर सुमारे २०० किलोमीटर, पण घाटामुळे चार तास धरावेत, जास्तही लागतात. हिवाळ्यात बर्फ पडलं की २,२६० मीटरवरची तिश्का खिंड बंद होते, त्यामुळे पुढच्या दिवसाचं आरक्षण घट्ट बांधू नये.

आपल्याकडे बारा कोसांवर भाषा बदलते, इथे ती चढावर बदलते. मराकेशच्या सपाटीवर पाणी ‘ल्मा’, भाकरी ‘खोब्झ’. आयत औरीर मागे टाकून ताद्दर्तच्या आसपास पोचलं की पाणी ‘अमान’, भाकरी ‘अघरुम’. ही ताशेल्हीत, इथली अमाझिग बोली. मध्य अॅटलासच्या डोंगरांत तामाझिग्त आणि उत्तरेला रिफच्या डोंगरांत तारिफित बोलतात. तिन्ही बहिणी खऱ्या, पण रिफमधला माणूस ताशेल्हीत सहज समजतो असं धरून चालू नका.

नकाशाही वाचता येतो. ‘आयत’ म्हणजे अमुकाची माणसं, ‘तिझी’ म्हणजे खिंड, ‘असिफ’ म्हणजे नदी, ही नावं अमाझिग. ‘ऊलाद’ आणि ‘बेनी’ म्हणजे अमुकाची मुलं, आणि नदीला ‘उएद’, ही अरबी. पण इथे फसगत होते. रिफमधले ‘बेनी उरियाघेल’ मूळचे आयत वर्याघर, पक्के अमाझिग; नाव तेवढं अरबी वळणाचं झालं.

फसगतीचं कारण इतिहासात आहे. सातव्या-आठव्या शतकात आलेले अरब थोडेच होते. बाराव्या शतकात अल्मोहाद राजवटीने बनू हिलाल या अरब टोळ्या पूर्वेकडून आणून अटलांटिक किनाऱ्याच्या मैदानांत वसवल्या, आणि तिथून अरबी पसरली. म्हणजे आज अरबी बोलणाऱ्या अनेकांचे पूर्वज अमाझिगच. दोन वेगळे गठ्ठे करून मोजता येतील अशी ही माणसं नाहीत.

बोलताना ‘बर्बर’ टाळावं. तो बाहेरच्यांनी दिलेला शब्द, अनेकांना खुपतो. ‘अमाझिग’ म्हणावं, अनेकवचन ‘इमाझिघेन’. २०११ च्या राज्यघटनेने ही भाषा अधिकृत केली. सरकारी पाट्यांवर अरबीशेजारी जी गोल-रेघांची अक्षरं दिसतात ती तिफिनाघ. शाळेसाठी ही लिपी २००३ मध्ये निवडली गेली. मात्र घरात अस्खलित ताशेल्हीत बोलणाऱ्या म्हाताऱ्यांना ती पाटी बहुधा वाचता येत नाही, तेव्हा पत्ता लिहून दाखवू नका, विचारा.

खिंड उतरून द्रा खोऱ्यात आलं की खजुराच्या बागांत काळ्यासावळ्या वर्णाचे हरातीन भेटतात. पाण्याचे पाट आणि बागा पिढ्यान्‌पिढ्या यांनी राखल्या. जुन्या वस्त्यांमध्ये ‘मेल्लाह’, म्हणजे ज्यूंचा मोहल्ला, दाखवतात. १९४८ च्या सुमारास देशात अडीच लाखांच्या आसपास ज्यू होते; आता दोन-तीन हजार उरले असतील. द्रामधल्या त्या घरांच्या मातीच्या भिंती छप्पर गेल्यावर पावसाने विरघळत चालल्या आहेत, याचं फार वाईट वाटतं.

झागोरापासून आणखी शंभरेक किलोमीटरवर म्हामिद लागतं आणि डांबरी रस्ता संपतो. डोंगरात नमस्कार म्हणून ‘अझुल’ म्हणायची सवय झालेली असते, पण इथले अरिब हे उंटपाळ अरब, त्यांची अरबी बोली हसानिया. इथे पुन्हा ‘सलाम’.