संघटना-अभ्यासातलं पहिलं वर्ष: काही नोंदी

सोमवार

संघटना-अभ्यासात, म्हणजे रुग्णालय-गिरणीसारख्या ठिकाणी माणसं मिळून काम कसं करतात याच्या अभ्यासात, नव्या पीएच.डी. विद्यार्थ्याचा आराखडा बहुधा असा येतो: ‘रुग्णालयातील नेतृत्व, संस्कृती आणि तंत्रज्ञान यांचा आंतरविद्याशाखीय अभ्यास’. शाखा तीन, प्रश्न एकही नाही. आधी काम पाहावं. ड्यूटी बदलताना एक सिस्टर दुसरीला वॉर्ड कसा सोपवते, एवढंच घ्यावं. काय तोंडी जातं, काय रजिस्टरमध्ये, काय संगणकात, आणि काय कुठेच जात नाही? थकवा आणि स्मरण मानसशास्त्राकडे गेलं. नवी मुलगी सीनियर सिस्टरला उलट प्रश्न का विचारत नाही, हे समाजशास्त्राकडे. संगणकात त्या माहितीला रकानाच नाही, हे माहिती-तंत्रज्ञानाकडे. विश्लेषणाचं एकक, म्हणजे ज्याची एकेक करून तपासणी करायची ती गोष्ट, ठरलं: एक हँडओव्हर. सिस्टरही नाही, रुग्णालयही नाही. ते ठरलं की कोणती शाखा खरंच लागते आणि कोणती शोभेला आणली आहे, ते लगेच उघडं पडतं.

मंगळवार

या विषयाची पाळंमुळं अशाच कामात आहेत. १९५१ साली ब्रिटनच्या कोळसा खाणींवर लंडनच्या टॅव्हिस्टॉक या संशोधन संस्थेतल्या एरिक ट्रिस्ट आणि केन बॅमफर्थ यांनी लेख लिहिला. बॅमफर्थ पूर्वी स्वतः खाणीत काम केलेला. यंत्रांमुळे खोदकाम तीन पाळ्यांत तुटलं, एका पाळीचं अर्धवट काम पुढच्या पाळीच्या गळ्यात पडू लागलं आणि छोट्या टोळ्यांची आपसातली जबाबदारी विस्कटली. पुढे १९५३मध्ये टॅव्हिस्टॉक संस्थेचेच ए. के. राइस अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये होते. तिथे स्वयंचलित माग आले होते, पण कामं बारीक वाटलेली. कोणता माग कोणाचा, याला उत्तर नव्हतं. ठरावीक माग एकेका छोट्या गटाकडे सोपवले, तसं उत्पादन वाढलं आणि खराब कापड घटलं. खाणींचा लेख सगळे वाचतात. आपल्या शेजारच्या गिरणीचं काम मात्र टाळतात, हे मला खटकतं.

गुरुवार

आकड्यांबद्दल. बारा वॉर्डांतल्या ३०० सिस्टरांकडून प्रश्नावली भरून घेतली, तरी ‘वॉर्डातलं वातावरण’ याबद्दल बोलायला नमुना बाराचाच उरतो. एका वॉर्डातल्या उत्तरांत सारखेपणा असतो. ती सुटी मानली की नसलेला परिणामही ठळक दिसतो. म्हणून सिस्टर आणि वॉर्ड हे दोन स्तर वेगळे धरणारं बहुस्तरीय विश्लेषण लागतं, आणि त्यासाठी वॉर्ड वाढवावे लागतात. सिस्टर वाढवून भागत नाही. दुसरी चूक याहून जास्त दिसते: एकाच सिस्टरला एकाच बैठकीत ‘इन्चार्ज (वॉर्डची प्रमुख सिस्टर) कशी आहे’ आणि ‘काम कसं चालतं’ हे दोन्ही विचारायचं. मग जो संबंध सापडतो, त्यातला बराचसा तिच्या त्या दिवसाच्या मनःस्थितीचा असतो. कामाचा आकडा नोंदवहीतून घ्यावा.

नियमांची बाजू थोडक्यात. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२च्या पीएच.डी. नियमांनुसार कोर्सवर्क किमान १२ श्रेयांकांचं (क्रेडिट), त्यात संशोधन-नीतीचा पेपर सक्तीचा. मुदत किमान ३ वर्षं, कमाल ६. दुसऱ्या विभागातला सहमार्गदर्शक मंजुरीने घेता येतो. तो पहिल्याच सत्रात मागावा. सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) झाल्यावर आलेला सहमार्गदर्शक फक्त सही करतो.

शनिवार

रुग्णालयात प्रवेश एचआरच्या एका ईमेलवर मिळत नाही. विद्यापीठाची नीती समिती एक, रुग्णालयाची वेगळी, आणि मेट्रनची, म्हणजे सगळ्या सिस्टरांच्या प्रमुखाची, संमती ही तिसरी, कागदावर नसलेली. हँडओव्हरमध्ये रुग्णांची नावं कानावर पडतात, म्हणून ध्वनिमुद्रणाआधी त्यांचं काय करणार ते लेखी ठरवावं. व्यवस्थापनाला अहवाल देताना पाचपेक्षा कमी माणसांच्या गटाची सरासरी देऊ नये. ‘रात्रपाळीची ज्येष्ठ सिस्टर’ म्हटलं की कोण ते अख्खा मजला ओळखतो.

एका तासाची मुलाखत ऐकून लिहून काढायला पाच-सहा तास धरावेत. मराठी-हिंदी-इंग्रजी एकाच वाक्यात आलं की आणखी. लिहून काढलेलं बोललं तसंच ठेवावं, संकेतनही (वाक्यांना विषयवार खुणा देणं) त्यावरच करावं. भाषांतर फक्त प्रबंधात उद्धृत करायच्या वाक्यांचं.

प्रबंध किमान दोन बाह्य परीक्षकांकडे जातो. एक संख्याशास्त्राकडे झुकलेला निघाला तर विचारेल, वॉर्ड किती घेतले? दुसरा मानववंशशास्त्राकडचा असेल तर विचारेल, रात्रपाळीत किती वेळा उभे होतात? पद्धतीच्या प्रकरणात दोघांना आपापल्या शाखेच्या भाषेत उत्तर हवं. ‘मिश्र पद्धती वापरली’ एवढ्यावर दोघांपैकी एकही गप्प बसत नाही.