‘अ’ खोडून ‘द’ घातला तेव्हा

आमच्या कार्यालयातून परदेशी ग्राहकांकडे जाणारे इंग्रजी ईमेल तपासून देणे, हे माझ्याकडे असलेल्या कामांपैकी एक. एका सोमवारी सकाळी एका कनिष्ठ सहकारी मुलीने मसुदा दाखवला. तिला त्याच आठवड्यात एक दिवस रजा हवी होती, पण शुक्रवार मिळेल की गुरुवार हे ठरायचे असल्याने तिने वार न घालता ‘आय विल बी टेकिंग अ डे ऑफ’ एवढेच लिहिले होते. मला ते वाक्य ढिले वाटले. रजा तर निश्चित आहे आणि निश्चित गोष्टीआधी ‘द’ येतो, हा शाळेत घोटलेला नियम लावून मी ‘अ’ खोडला व ‘द’ घातला.

नियम खोटा नव्हता. मात्र निश्चित म्हणजे वाचणाऱ्यालाही ठाऊक असलेले, हे माझ्या ध्यानात आले नाही. वार न सांगता कोणी ‘द डे ऑफ’ म्हटले, तर समोरच्याला सहसा आजचाच दिवस सुचतो. ग्राहकांनी दुपारी चारची आढावा बैठक परस्पर पुढे ढकलली. ती बिचारी वीस मिनिटे कॉलवर एकटीच बसली आणि मग माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाली, “सर, ते विचारतायत, आज रजेवर असून मी कॉलवर कशी?”

चूक माझी असल्याचे मी ग्राहकांना कळवले आणि मग जुने ईमेल काढून बसलो. मी स्वतः तपासून पुढे पाठवलेल्या तीन ईमेलांत ‘ऑन अ लीव्ह’ सापडले! या अर्थाचा ‘लीव्ह’ सहसा मोजता न येणाऱ्या नामासारखा वापरतात, त्यामुळे ‘ऑन लीव्ह’, ‘ऑन सिक लीव्ह’ असेच लिहायचे. ‘अ लीव्ह ऑफ अ‍ॅब्सेन्स’ या रूढ प्रयोगात मात्र ‘अ’ येतो. गंमत अशी, की मराठीत ‘मी एका रजेवर आहे’ असे कोणी म्हणत नाही. इथे आपल्याच कानाचे ऐकले असते तरी भागले असते.

संध्याकाळी तिची शुक्रवारची रजा मंजूर झाली. नव्या मसुद्यात तिने ‘आय विल बी टेकिंग फ्रायडे ऑफ’ असे लिहिले. वार आल्यामुळे ‘अ’ही गेला आणि ‘द’ही, आणि मी त्या वाक्याला हात लावला नाही.