तुम्ही विचारलंत म्हणून: टेस्ट बरोबर, मग मासे का गेले?

"खाऱ्या पाण्याचा नवा टँक लावला. अमोनिया शून्य, पीएच बरोबर, पाणी काचेसारखं स्वच्छ. तरी चार दिवसांत तीन मासे गेले. काय चुकलं, आणि आता कुठलं औषध टाकू?"

हा प्रश्न मला सारखा येतो, शब्द थोडे इकडेतिकडे. सोबत बहुतेक वेळा टिश्यूवर ठेवलेल्या केशरी क्लाउनफिशचा फोटो असतो. तो बघितला की माझ्या पोटात कालवतं, म्हणून यावेळी सविस्तर लिहिते.

औषधाचं आधी सांगते: आत्ता टँकमध्ये काहीही टाकू नका. मी उलट तुम्हालाच तीन गोष्टी विचारणार आहे. मासा आणल्यावर किती दिवसांनी गेला? दिवसाढवळ्या गेला की सकाळी उठून बघितलंत तेव्हा गेलेला होता? आणि कोळंबी, गोगलगायी, हर्मिट क्रॅब कसे आहेत? टेस्टचे आकडे मी त्यानंतर बघते. आकड्यांवरून टेस्टच्या वेळचं पाणी कळतं, माशाच्या अंगात आधीपासून काय चाललं होतं ते कळत नाही.

हे मी माझ्याच पहिल्या टँकवर शिकले. दोन क्लाउनफिश आणि एक डॅमसेल होते. पाचव्या दिवशी लहान क्लाउनफिश पॉवरहेडच्या (टँकमध्ये प्रवाह करणाऱ्या छोट्या पंपाच्या) समोर जाऊन उभा राहायला लागला, अगदी धारेच्या तोंडाशी, तासन् तास. मला वाटलं, प्रवाहात खेळतोय. मी त्याचा व्हिडिओसुद्धा काढला. संध्याकाळी त्याने खाणं तोंडात घेतलं आणि थुंकून टाकलं. कल्ले इतके भरभर हलत होते की मोजता येईनात. दुसऱ्या सकाळी तो खडकामागे पडलेला होता, आणि कोळंबी मात्र खुशाल फिरत होती. अमोनिया शून्य. नायट्राइट (जिवाणू अमोनियापासून बनवतात तो) शून्य. मी दोनदा टेस्ट केली.

त्या रात्री दिवे बंद करून दुसऱ्या क्लाउनफिशवर टॉर्च तिरका धरला. समोरून उजेड टाकला की काहीच दिसत नव्हतं, पण बाजूने टाकला की त्याच्या पाठीवर पिठूळ, सोनेरी धूळ बसल्यासारखी दिसत होती. हा मरीन व्हेल्वेट. अमायलोओडिनियम नावाचा परजीवी आधी कल्ल्यांवर बसतो, त्यामुळे अंगावर काही दिसायच्या आतच मासा गुदमरतो. धारेसमोर उभं राहणं म्हणजे कल्ल्यांतून जास्त पाणी जावं म्हणून चाललेली त्याची धडपड होती. माशावरून सुटलेला परजीवी तळाशी पुटी करतो आणि एका पुटीतून 256 पर्यंत नवे परजीवी बाहेर पडतात. म्हणून हे मरण एकाला लागलं की दोनतीन दिवसांत सगळ्यांना लागतं.

तेव्हा मासे तीन ते दहा दिवसांत एकामागून एक जात असतील, श्वास भरभर चालला असेल, उजेड टाळत असतील आणि कोळंबी ठणठणीत असेल, तर माझा पहिला संशय व्हेल्वेटवर. क्लाउनफिशच्या अंगावर चिकट, पांढुरका थर सुटत असेल तर ब्रूकलिनेला, हा दुसरा परजीवी. मिठाच्या खड्यांसारखे ठिपके असतील तर क्रिप्टोकॅरिऑन, हा तिसरा. तो जरा सवड देतो, व्हेल्वेट देत नाही. व्हेल्वेटवर तांब्याचं औषध चालतं, पण ते वेगळ्या, रिकाम्या टँकमध्येच, रोज कॉपर टेस्टने मोजून. मुख्य टँकमध्ये टाकलंत तर खडक आणि वाळू तांबं शोषून घेतात, मात्रा टिकत नाही आणि कोळंबी-गोगलगायी हकनाक मरतात. उरलेले सगळे मासे त्या उपचाराच्या टँकमध्ये हलवा आणि मुख्य टँक सहा आठवडे माशांविना चालू ठेवा. अंगावर बसायला मासाच मिळाला नाही की हा परजीवी संपतो.

आता मासा पहिल्या दिवशीच, चोवीस तासांच्या आत गेला असेल तर गोष्ट वेगळी. तिथे मी पिशवी आणि मीठ या दोनच गोष्टींकडे बघते. बरेच विक्रेते परजीवी कमी राहावेत आणि मीठही वाचावं म्हणून पाण्याची घनता (पाण्यात मीठ किती याचं माप) 1.018 ते 1.020 ठेवतात. तुमचा टँक 1.026 वर. समुद्री माशाच्या अंगातलं पाणी सतत बाहेर ओढलं जात असतं, तो समुद्र पिऊन आणि जादा मीठ कल्ल्यांतून टाकून तोल सांभाळतो. अर्ध्या तासात एवढी उडी मारायला लावली की तो तोल जातो. विकत घेतानाच त्यांच्या पाण्याची घनता विचारा, क्वारंटाइन टँक (नवा मासा आधी वेगळा ठेवायचा टँक) तेवढ्यावर ठेवा आणि मग रोज थोडी थोडी चढवा. आपला हायड्रोमीटरही (घनता दाखवणारं काट्याचं साधन) तपासा: काट्याला हवेचे बुडबुडे चिकटले तर तो जास्त दाखवतो, मिठाचा थर बसला तर कमी. रिफ्रॅक्टोमीटर (थेंबभर पाण्यातून क्षारता दाखवणारं साधन) असेल तर 35 पीपीटीच्या, म्हणजे हजारात 35 भाग मीठ असलेल्या, द्रावणाने जुळवून घ्या.

लांबून आलेल्या पिशवीचं एक कायम ध्यानात ठेवा. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरतो आणि त्यामुळे माशाने सोडलेला अमोनिया बराचसा निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडली की वायू उडून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. पीएच एकाने चढला की विषारी वाटा जवळजवळ दहापट. म्हणजे पिशवी उघडून तासभर त्यात टँकचं पाणी थेंबथेंब सोडत बसणं हे त्याला विषात बसवणं झालं. पिशवी बंद असतानाच तापमान जुळवा, क्षारता आधीच जुळवून ठेवा आणि उघडल्यावर मासा लगेच हलवा. पिशवीतलं पाणी टँकमध्ये घालू नका.

सगळे एकदम पहाटे गेले आणि मोठे आधी गेले? मग ऑक्सिजन. 25 अंशांना गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण 8 मिलिग्रॅम मावतो, समुद्राच्या पाण्यात 7 च्याही खाली, आणि तापमान चढलं की आणखी कमी. रात्री शेवाळही ऑक्सिजन घेतं. पॉवरहेडचं तोंड थोडं वर करून पृष्ठभाग हलता ठेवा.

कोळंबी आधी गेली असेल तर पाण्यात काहीतरी पडलंय: तांबं, खोलीत मारलेलं कीटकनाशक, हाताला लावलेलं क्रीम. ताजा ॲक्टिव्हेटेड कार्बन घाला आणि पाणी बदला.

अमोनिया मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण त्याचं नाव सगळ्यांना माहीत असतं. तरी एक विचारतेच: टँक "सायकल झाला", म्हणजे अमोनिया खाणारे जिवाणू त्यात वसले, असं म्हणताना नक्की काय केलंत? पंधरा दिवस नुसतं पाणी फिरवलं असेल तर जिवाणूंना खायलाच काही नव्हतं; तिथे शून्य आकडा येणारच. लिटरमागे 2 मिलिग्रॅम अमोनिया घालून बघा. चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले तर टँक तयार. याला चार ते सहा आठवडे लागू शकतात. ही परीक्षा अर्थात टँकमध्ये एकही जीव नसताना करायची. (थोड्या नायट्राइटने घाबरू नका, खाऱ्या पाण्यातलं क्लोराइड माशाला त्यापासून बरंच वाचवतं.)

आज रात्री एवढं करा. दिवे गेल्यावर अर्ध्या तासाने टॉर्च बाजूने धरा, उरलेल्या माशाची पाठ बघा आणि एका मिनिटात कल्ले किती वेळा उघडतात ते मोजा. तो आकडा आणि माझ्या तीन प्रश्नांची उत्तरं मला पाठवा. नवा मासा अजून आणू नका.