घड्याळाची टिकटिक
आज इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या वुडब्रुक या क्वेकर (ख्रिस्ती धर्मातील एक पंथ) संस्थेच्या ऑनलाइन उपासनेत प्रथमच बसलो. १९३१ मध्ये गांधीजी तेथे येऊन गेले होते, एवढेच मला ठाऊक होते. या उपासनेत पुरोहित नाही की प्रवचन नाही. पंथाचे संस्थापक जॉर्ज फॉक्स यांच्या सतराव्या शतकातील शिकवणीनुसार सारेजण मूक बसतात आणि ज्याला आतून प्रेरणा होते तोच उभा राहून चार शब्द बोलतो. पडद्यावर मात्र उभे राहण्याऐवजी माइक सुरू करावा लागतो, आणि एका आजींचा माइक बोलून झाल्यावरही सुरूच राहिल्यामुळे त्यांच्या घड्याळाची टिकटिक आम्हा सर्वांना बराच वेळ ऐकू येत होती. खरे सांगायचे तर मला ती खटकली नाही. सभा हस्तांदोलनाने संपवण्याची प्रथा आहे. पडद्यावर त्याऐवजी सर्वांनी कॅमेऱ्याकडे पाहून हात हलवले, मी सवयीने जोडले.