बाभळीचा काटा आणि एकोणतीस दिवस

उकिरड्यातलं शेणखत ट्रॉलीत भरताना टाचेत बाभळीचा काटा मोडला. आईनं सुईनं कोरून काढला, वर बिब्ब्याचा चटका दिला आणि मी पुन्हा खत भरायला गेलो. सुई टोचून घ्यायचं डोक्यातही आलं नाही. गंजका खिळा किंवा पत्रा लागला तरच धनुर्वाताची सुई, हा आमच्याकडचा पक्का हिशोब. गंजाशी त्याचा काही संबंध नाही, जंतू मातीत आणि जनावराच्या शेणात असतात, हे मला वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी खाटेवर पडून कळलं. माझी शेवटची सुई बहुधा शाळेत असतानाची. खरं तर ती दर दहा वर्षांनी घ्यायची असते.

नवव्या दिवशी भाकरीचा तुकडा तोंडात जाईना. जबडा उघडायचाच नाही. तालुक्याच्या दाताच्या डॉक्टरांनी अक्कलदाढ म्हणून गोळ्या दिल्या. दुसऱ्या दिवशी मान ताठ, पोट फळीसारखं कडक. बायको म्हणाली, "अहो, दुखतंय म्हणताय आन् हसताय काय?" मी हसत नव्हतो. गालाचे स्नायू आपोआप मागं ओढले जात होते. तो चेहरा तिला अजून आठवतो. मी आरशात पाहिला नाही हे बरंच झालं.

जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात एका तरुण डॉक्टरनं लाकडी पट्टी घशाला लावली. एरवी उमासा येतो. माझे दात त्या पट्टीवर करकचून मिटले. त्यानं पट्टी सोडवली, तिच्यावरचे दातांचे वळ पाहिले आणि विचारलं, "महिन्याभरात कुठं काही लागलं होतं का?" धनुर्वाताचं निदान रक्त तपासून होत नाही, असंच होतं. टाच उघडली तर काट्याचं टोक आतच होतं.

जंतूंनी अंगात सोडलेल्या विषावरचा उतारा म्हणून इम्युनोग्लोब्युलिन दिलं. पण ते मोकळ्या विषालाच धरतं. नसांमध्ये शिरून बसलेलं विष निघत नाही, तिथं नवी टोकं फुटेपर्यंत वाट बघायची. म्हणजे आठवडेच्या आठवडे. स्नायूंना 'आता सैल हो' असं सांगणारा निरोपच हे विष अडवतं, असं डॉक्टरांनी समजावलं.

मला कोपऱ्यातल्या खोलीत ठेवलं, खिडकीला काळं कापड. उजेड, आवाज, स्पर्श, कशानंही झटका येतो. तिसऱ्या रात्री बाहेर कुणाच्या तरी हातून स्टीलची ताटली पडली. ती फरशीवर गरगर फिरत थांबेपर्यंत माझी पाठ खाटेवरून उचललेली होती. खाली टेकलेलं फक्त डोकं आणि टाचा. धनुर्वात हे नाव ज्यानं ठेवलं त्यानं हे डोळ्यांनी पाहिलं असणार. आणि शुद्ध जात नाही हो. वेदना पूर्ण कळते, ओरडायला मात्र तोंड उघडत नाही.

श्वास अडायला लागला तेव्हा गळ्याला भोक पाडून मशीन लावलं. डायझेपाम आणि मॅग्नेशियमच्या गुंगीत सोळा दिवस गेले, त्यातलं फारसं आठवत नाही. एक सिस्टर तेवढी आठवते. आत येताना ती चपला दाराबाहेर काढायची आणि हात लावायच्या आधी कानाशी हळूच सांगायची, "दादा, आता कूस बदलतेय." सांगून केलं की झटका कमी यायचा, निदान मला तरी तसं वाटायचं.

एकोणतिसाव्या दिवशी घरी सोडलं. तोवर वजन बरंच उतरलं होतं, आणि दवाखान्यात असतानाच दंडात लस टोचली होती. आता कशाला, म्हणून विचारलं तर म्हणाले, हा रोग होऊन गेला तरी प्रतिकारशक्ती येत नाही, विष इतकं थोडं असतं की शरीराला त्याची ओळखच होत नाही. पुढचे डोस कागदावर लिहून दिले.

आईनं त्याच आठवड्यात आरोग्य केंद्रात जाऊन स्वतःही टोचून घेतली. बिब्बे मात्र डब्यात आहेतच. घरात दोन महिने जेवायची ताटं गोधडीवर मांडायचे, आणि नातू पळत आला की सगळे एकदम त्याच्या हातातल्या वाटीकडे बघायचे.